बॅगा कोण सांभाळणार?

तिकीट खिडकीवरून भीमराव परत आले तेव्हा त्यांच्या हातात तीन लाल पट्टे होते आणि एक पांढरा.

लाल पट्टा मनगटावर असला की पार्कातल्या सगळ्या पाळण्यांत बसता येतं. पांढरा पट्टा म्हणजे आत या, फिरा, वडापाव खा आणि बाकावर बसून दुसऱ्यांची मजा बघा. भीमरावांनी एक लाल पट्टा मुलीला, म्हणजे मैत्रीला दिला. एक धाकट्या बहिणीला, नंदाला दिला. एक स्वतः बांधला. आणि पांढरा त्यांनी बायकोच्या मनगटावर आपल्या हाताने चिकटवला. विचारलं नाही, सांगितलं नाही. शाळेच्या सहलीत बाई पोरांच्या खिशाला नावाची चिठ्ठी लावतात, तसा लावला.

"हे काय?" सत्यशीलाने विचारलं.

"अगं, तुला कुठे बसायचंय त्या पाळण्यात! उगाच कशाला?" भीमराव म्हणाले. "आणि बॅगा सांभाळायला कुणीतरी लागतंच ना."

झालं. गजभिये कुटुंब कुठेही गेलं की बॅगा सांभाळायला कुणीतरी लागायचंच. समुद्रावर गेले तर एक जण पाण्यात न उतरता चपलांपाशी उभा राहायचा, जत्रेत गेले तर एक जण पिशव्या धरून कडेला. पूर्वी हे काम सासूबाईंचं होतं. त्या गेल्यावर ती जागा रिकामी होती, आणि आता त्या जागेवर सत्यशीलाची नेमणूक झाली होती. वय वर्षं सत्तेचाळीस. सासूबाई गेल्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. म्हणजे बढती जरा लवकरच मिळाली म्हणायची.

दहा महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या कानामागून गाठ काढली होती. कान आणि मेंदूच्या मधे, तोल सांभाळणाऱ्या नसेवर वाढलेली गाठ. साधीच होती, कॅन्सरची नव्हती. पण ती काढताना नस गेली, डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं, आणि सत्यशीलाच्या पायाखालची जमीन गेली. हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा वारज्याच्या तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत जाणं म्हणजे एक प्रवास होता. भिंत धरायची, दार धरायचं, फ्रिज धरायचा. तरी फरशी डावीकडे कलायचीच.

आणि ही बाई कोण होती? तर बस कंडक्टर. अठरा वर्षं! दांड्याला हात न लावता अठरा वर्षं चालत्या बसमध्ये उभी राहिलेली. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात नोटा, गुडघे जरासे सैल, कंबर सीटच्या कडेला टेकलेली. ड्रायव्हरने ब्रेक मारायच्या आधी तिच्या तळव्यांना कळायचं. कॉलेजची धडधाकट पोरं वळणावर एकमेकांच्या अंगावर पडायची आणि ही मधून "पुढे सरका, पुढे मोकळं आहे" म्हणत सरळ चालत जायची. तोल ही तिची कमाई होती. ती भंडाऱ्याहून लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा जवळ दुसरं काहीच नव्हतं.

आता लोक तिला रस्त्यात हाताला धरायचे. न विचारता. एकदा वारज्याच्या भाजीबाजारात ती जरा झोकांडी खात टोमॅटोच्या गाड्यापाशी थांबली, तर टोमॅटोवाला दात काढून म्हणाला, "काय काकू, सकाळी सकाळीच?" चार माणसं हसली. भीमराव शेजारीच होते. त्यांनी मान खाली घातली आणि दोन पावलं पुढे जाऊन उभे राहिले. ती मान आणि ती दोन पावलं सत्यशीला विसरली नव्हती. विसरणारही नव्हती.

"चल, आम्ही त्या उंच पाळण्यात जाऊन येतो," भीमराव म्हणाले. "तू इथे बाकावर बस. हलू नकोस हं."

हलू नकोस! तिच्या मांडीवर एक एक सामान येऊन पडायला लागलं. मैत्रीची पाठीवरची बॅग. नंदाची पर्स, नंदाचा गॉगल, नंदाच्या चकल्यांचा डबा. भीमरावांचा मोबाइल, पाकीट, किल्ल्या. पाण्याच्या दोन बाटल्या. नंदा जाता जाता म्हणाली, "वहिनी, डबा आडवा करू नका बरं का, चुरा होतो."

ते तिघे गेले. सत्यशीला बाकावर बसून राहिली.

समोर एक मोठं जहाज होतं. लोखंडी, रंगवलेलं, दोन टोकांना वाघाची तोंडं. आधी हळू झुलायचं, मग उंच, मग आणखी उंच, इतकं की एका टोकाची माणसं आभाळाकडे तोंड करून किंचाळायची. सत्यशीलाने ते आल्यापासून हेरून ठेवलं होतं. खरं तर आजच नाही, महिनाभर आधीच. मैत्रीने मोबाइलवर या पार्कचा व्हिडिओ दाखवला तेव्हापासून तिच्या मनात ते जहाज होतं. गेल्या तपासणीला तिने ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना सरळ विचारलंही होतं. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले, मग हसले. "जखम भरली आहे, स्कॅन स्वच्छ आहे. बसा की! जास्तीत जास्त मळमळेल. उतरताना मात्र कुणाचा तरी हात धरा." तिने ते त्यांच्याकडून केसपेपरवर लिहून घेतलं आणि त्याचा फोटो काढून ठेवला. अठरा वर्षं कंडक्टरकी केलेली बाई, कागदाशिवाय कशाला जाईल?

हे तिने घरी सांगितलं नव्हतं. घरी तिने बरंच काही सांगितलं नव्हतं. भिंतीवर टिकली चिकटवून, तिच्यावर नजर रोखून मान हलवायचा व्यायाम ती रोज करायची, तो सगळ्यांना ठाऊक होता. पण मंगळवारी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडून निघाल्यावर ती थेट घरी यायची नाही. वारज्याहून डेक्कनला जाणारी बस पकडायची आणि उभी राहायची. सीट रिकामी असली तरी उभी. पहिल्या दिवशी एका आजोबांच्या मांडीत जाऊन बसली. माफी मागितली, पुन्हा उभी राहिली. तिसऱ्या महिन्यात दोन्ही हातांनी दांडा धरून. सातव्यात एका हाताने. आणि गेल्या मंगळवारी कर्वे रस्त्यावरच्या वळणावर तिने हात सोडला. बस वळली. सत्यशीला उभीच राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने खिडकीकडे तोंड करून पुसलं.

कारण उद्या सोमवार होता. उद्या अकरा वाजता तिची मेडिकल होती. डॉक्टर तिला रेषेवरून चालवणार, डोळे मिटून उभी करणार, एका पायावर उभी करणार. पास झाली तर दोन महिने दुसऱ्या कंडक्टरबरोबर, मग पुन्हा स्वतःची बस, स्वतःचं मशीन, स्वतःची बेल. नापास झाली तर डेपोतल्या मागच्या खोलीत कायमचं टेबल. हरवलेल्या छत्र्यांची नोंद करायची. एवढंच होतं सगळं, पण तिच्यासाठी तेच सगळं होतं.

ती उठली. बॅगा खांद्याला, डबा हातात, आणि जहाजाकडे चालायला लागली. सरळ चालायचं म्हटलं की ती आजही थोडी डावीकडे जायची, मग उजवीकडे सावरायची. शेजारून जाणारी एक बाई थबकून बघायला लागली. सत्यशीलाने तिच्याकडे असं बघितलं की ती बाई मुकाट पुढे गेली.

जहाजाच्या फाटकापाशी कामाला असलेली मुलगी उभी होती. विशीतली, गळ्यात शिट्टी, शर्टावर नाव: शेफाली.

"यात बसायला लाल पट्टा लागतो ना? तो कुठे बदलून मिळतो?" सत्यशीलाने विचारलं.

मुलगी चुळबुळली. "मावशी, तुम्हाला नाही बसता येणार."

"का?"

"म्हणजे… ते काका सांगून गेलेत. निळ्या शर्टातले. हिला चक्कर येते, मागे लागली तरी बसवू नका म्हणाले. माझ्या मैत्रिणीच्या राइडवर पण सांगितलंय. सगळीकडेच सांगितलंय बहुतेक."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते हे सत्यशीलाला पायरीपायरीने कळलं. सगळीकडे सांगितलंय! म्हणजे पट्टे घेऊन झाल्यावर हा माणूस "जरा बाथरूमला जाऊन येतो" म्हणून गेला होता, तो पार्कभर फिरून बायकोची दवंडी पिटत होता. मागे लागली तरी! जसं काही ती सहा वर्षांची होती आणि फुग्यासाठी रडणार होती.

"बरं," ती कशीबशी म्हणाली. मुलीचा काय दोष? ती परत बाकावर येऊन बसली. दात इतके घट्ट आवळले होते की ऑपरेशनच्या बाजूला ठणका लागला.

आणि तेवढ्यात मांडीवरचा भीमरावांचा मोबाइल थरथरला.

दुसऱ्याचा मोबाइल वाचायची तिला सवय नव्हती. पण मोबाइल तिच्याच मांडीवर, पडदा तिच्याच तोंडासमोर उजळला, आणि त्यावर नाव होतं 'संभाजी डेपो'. संभाजी तिच्याच डेपोतला क्लार्क. तो भीमरावांना कशाला मेसेज करतोय? तिने वाचलं.

'भीमराव, वहिनींचा अर्ज टाइप करून ठेवलाय. प्रकृतीमुळे कंडक्टरचं काम नको, कायम टेबलचं काम द्यावं, असा. उद्या दहाच्या आत सही घेऊन या, म्हणजे मेडिकलला जायची वेळच येणार नाही. आज फिरायला नेऊन मूड बघून सांगतो म्हणाला होतात. सांगितलंत का?'

तिने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

मूड बघून. म्हणजे ही सहल, हा रविवार, सकाळी उठून नंदाने केलेली ती पुरी-भाजी, गाडीत भीमरावांनी लाडात येऊन "आज तुझ्यासाठी जातोय हं" म्हणणं, सगळं त्यासाठी. बाईला बाहेर न्यायचं, बाकावर बसवायचं, आइस्क्रीम चारायचं, आणि ती खूश झाली की हळूच तिची अठरा वर्षं कागदावर काढून घ्यायची. अरे वा रे वा! आणि कोण काढून घेणार? सासू नाही, साहेब नाही. ज्याच्याशी चोवीस वर्षं संसार केला तो.

तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. राग इतका होता की रडायला जागाच उरली नव्हती.

तिघं हसत हसत परत आले. मैत्रीचे केस उडालेले, नंदाचा श्वास फुललेला. भीमराव रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "काय, कंटाळलीस का? आइस्क्रीम खाणार?"

सत्यशीला उभी राहिली. तिने चकल्यांचा डबा नंदाच्या हातात दिला. मग पर्स, गॉगल, मैत्रीची बॅग, दोन्ही बाटल्या, एकावर एक. नंदा गोंधळून घेत राहिली. शेवटी भीमरावांचा मोबाइल तिने त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, वाचायला पुरेल इतका वेळ. मग त्यांच्याच खिशात टाकला.

भीमरावांचं तोंड उतरलं. "अगं, मी तुला सांगणारच होतो…"

"मूड बघून," सत्यशीला म्हणाली. "बघा ना मग. कसा आहे मूड?"

"आई, काय झालं?" मैत्रीने विचारलं.

"तुझ्या बाबांनी माझी कंडक्टरकी सोडायचा अर्ज टाइप करून घेतलाय. माझ्या नावाने. मी बॅगा सांभाळत होते तोवर." आणि ती वळून तिकीट खिडकीकडे चालायला लागली.

"वहिनी, अहो वहिनी!" नंदा मागून ओरडली. "डोक्याचं ऑपरेशन झालंय तुमचं!"

"कानाचं झालंय," सत्यशीला न थांबता म्हणाली. "डोकं जागेवर आहे."

ती डावीकडे कलत, उजवीकडे सावरत खिडकीशी पोहोचली. आपल्या पाकिटातले पैसे दिले आणि लाल पट्टा बांधून घेतला. मग जहाजापाशी जाऊन शेफालीसमोर केसपेपरचा फोटो धरला. मुलीने तो नीट वाचला, खालची सही आणि शिक्का बोट ताणून मोठा करून पाहिला.

"डॉक्टरांनी दिलंय तर बसा मावशी. पण उतरताना हात धरायला माणूस पाहिजे, इथे लिहिलंय."

"मी आहे," मैत्री धावत आली होती. "आई, शपथ, मला अर्जाचं काहीच माहीत नव्हतं. खरंच."

"मी पण आहे!" मागून भीमराव धापा टाकत आले. "मी हिच्याशेजारी बसणार. हिला काही झालं तर?"

"या," सत्यशीला म्हणाली. "तुमच्याकडे लाल पट्टा आहे. तुम्हाला कोण अडवणार?"

जहाजाच्या अगदी टोकाच्या रांगेत ती बसली. मैत्री उजवीकडे, भीमराव डावीकडे. ही त्यांची चूक होती. दहा महिने एका घरात राहून या माणसाच्या डोक्यात अजून बसलं नव्हतं की डाव्या बाजूने, तेही एवढ्या गोंगाटात, तिला एक अक्षर ऐकू येत नाही. शेफालीने मांडीवरचा जाड दांडा खाली ओढला, तो खटकन बसला, तिने हलवून पाहिला आणि पुढे गेली.

जहाज हललं.

पहिल्या झोक्याला जग थोडं फिरलं. नाही कसं फिरणार? पण सत्यशीलाने सवयीने नजर रोखली: लांब टेकडीवर एक मोबाइलचा टॉवर होता, तीच आता तिची टिकली. दुसरा झोका. तिसरा. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिला काहीच करायचं नाहीये. दांड्याने तिला धरून ठेवलं होतं. दहा महिने जागेपणीचा प्रत्येक क्षण ती न पडण्याचं काम करत होती. मोरीत, जिन्यात, रस्ता ओलांडताना, साधं मागे वळून बघताना. आणि इथे, भुईपासून तीन मजले वर, पडायची काळजी तिच्याकडे नव्हतीच. ती दांड्याकडे होती.

तिने दोन्ही हात सोडले आणि वर केले.

जहाज टोकाला जाऊन क्षणभर आभाळात थांबलं. समोरच्या टोकाची माणसं पायाखाली आली. सगळे किंचाळत होते, देवाला, आईला हाका मारत होते. सत्यशीलाने तोंड उघडलं आणि तिच्या पोटातून अठरा वर्षांचा आवाज आला:

"पुढे चला! पुढे सरका! दारात कोण उभं राहिलंय रे!"

मैत्री दचकली आणि मग खो खो हसायला लागली.

"सुट्टे काढून ठेवा!" सत्यशीला आभाळाला सांगत होती. "आणि माझ्या अंगाला हात लावू नका! मी पडत नाहीये! विचारा आधी! विचारायला काय होतं रे तुम्हाला!"

खाली. वर. खाली. ती त्या टोमॅटोवाल्यावर ओरडली, हसणाऱ्या चौघांवर ओरडली, गाठीवर ओरडली, हरवलेल्या छत्र्यांवर ओरडली. तिच्या डाव्या बाजूला भीमरावांचे ओठ सारखे हलत होते. ते दांड्याला मिठी मारून, डोळे घट्ट मिटून काहीतरी बोलत होते, सारखं, मंत्र म्हणावा तसं. तिला काही ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. तिला मजा येत होती. दहा महिन्यांत पहिल्यांदा, राग डोक्यात तसाच असताना, तिला सडकून मजा येत होती.

जहाज मंदावलं, थांबलं, दांडे वर गेले. मैत्रीने हात पुढे केला, सत्यशीलाने तो धरला आणि पायऱ्या उतरली. फरशी हलत होती, ती डावीकडे कलली. आणि तिने समोर पाहिलं तर काय! तिच्यापुढे उतरलेला एक दांडगा जवान माणूस कठड्याला धरून उभा होता. दोन कॉलेजच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून वाकड्या चालत होत्या. एक साडीतली बाई सरळ जायला निघाली आणि कुंडीला धडकली. सगळे झोकांड्या खात होते, सगळे तिच्यासारखे चालत होते, आणि त्यांच्यात तिच्याकडे बघायला कुणालाही सवड नव्हती.

"बाबा!" मैत्री म्हणाली.

भीमराव शेवटी उतरले. दोन पावलं टाकली, एका झाडापर्यंत कसेबसे पोहोचले आणि भडभडून ओकले. तोंड पांढरं पडलेलं, पाय लटपटत होते. रांगेत उभ्या असलेल्या पोरांच्या टोळक्यातला एक हसून ओरडला, "काय काका, सकाळी सकाळीच का?"

टोळकं फिदीफिदी हसलं. भीमरावांनी मान खाली घातली.

सत्यशीला दोन पावलं पुढे गेली नाही. ती वळली आणि त्या पोरासमोर जाऊन उभी राहिली, कलत कलत, पण अगदी जवळ. "राइडमधून उतरलाय माणूस. दिसत नाही तुला? डोळे आहेत ना? की घरी ठेवून आलास?"

"सॉरी काकू, गंमत केली," पोरगा मागे सरकला.

"गंमत तुझ्या घरी कर."

तिने परत येऊन भीमरावांच्या दंडाला धरलं. "पायांकडे बघू नका. समोर बघा. तो आइस्क्रीमचा बोर्ड दिसतो? त्याच्यावर नजर ठेवा. गुडघे सैल सोडा. हं. आता चला." आणि तोल गेलेली बायको तोल गेलेल्या नवऱ्याला घेऊन बाकापर्यंत आली. ती या असल्या चालण्यात मुरलेली होती. ते नवखे होते.

नंदा बॅगांच्या ढिगाशेजारी तोंड फुगवून बसली होती. भीमरावांचा अवतार पाहून ती काही न बोलता पाण्याची बाटली उघडायला लागली.

भीमराव चूळ भरून, पाणी पिऊन जरा माणसात आले. सत्यशीला त्यांच्या डावीकडे येऊन बसली, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्याकडे आला.

"वर काय बोलत होतात?"

"काही नाही."

"ओठ हलत होते. सारखे. तिकडून मला ऐकू येत नाही, हे चोवीस वर्षं संसार केलेल्या बायकोबद्दल ठाऊक असावं माणसाला. आता या कानात सांगा."

भीमरावांनी रुमालाची घडी घातली. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस, सरळ बोलायची सवय नव्हती. मग हळू म्हणाले, "त्या दिवशी तू मोरीत पडलीस. मी दार तोडून आत आलो तेव्हा तू हलत नव्हतीस. मला वाटलं, गेली. रोज तेच दिसतं मला. बसमध्ये उभी राहिलीस आणि ब्रेक लागला तर? मला भीती वाटते गं. तेच म्हणत होतो वर. मला भीती वाटते, मला भीती वाटते."

खोटं नव्हतं ते. सत्यशीलाला कळत होतं की खोटं नाही. त्या दिवशी दाराच्या फळीने त्यांचा खांदा सोलवटून निघाला होता, तिनेच नंतर मलम लावलं होतं. आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, राग पुन्हा उसळून वर आला, इतका की पुण्यातली चोवीस वर्षं गळून पडली आणि तिच्या तोंडून भंडारा बाहेर आला.

"भेव तुम्हाले वाटते," ती म्हणाली, "अन् अर्ज माह्या नावाचा काहून?"

भीमराव मनगटावरच्या लाल पट्ट्याशी चाळा करायला लागले. नंदाच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"भाजीबाजारात तो माणूस हसला तेव्हा दोन पावलं पुढे गेलात," सत्यशीला आता हळू बोलत होती, आणि ते जास्त वाईट होतं. "घाबरला असतात तर जवळ आला असतात. म्हणून मला नका सांगू की सगळी भीतीच आहे. थोडी लाजसुद्धा आहे. ती पण माझ्या नावावर टाकू नका."

भीमरावांचे डोळे भरून आले. ते नाही म्हणाले नाहीत. निदान एवढा प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला.

"मोबाइल काढा. संभाजीला लिहा. अर्ज नको, सत्यशीला उद्या मेडिकलला येतेय."

"आणि नापास झालीस तर?"

"झाले तर सही मी करीन. माझ्या हाताने, माझ्या पेनाने. आणि मग आठ दिवस घरात कुणी माझ्याशी बोलू नका. लिहा."

त्यांनी लिहिलं. दोनदा चुकलं, पुसून पुन्हा लिहिलं. तिने वाचून घेतलं आणि मगच पाठवू दिलं.

मग तिने आपल्या मनगटावरचा पांढरा पट्टा नखाने उचकटला. जरा चामडी ओढली गेली. तो तिने भीमरावांच्या मनगटावर, लाल पट्ट्याच्या वर, नीट दाबून बसवला. मैत्रीची बॅग त्यांच्या मांडीवर ठेवली, पर्स ठेवली, गॉगल ठेवला, डबा ठेवला.

"डबा आडवा करू नका," ती म्हणाली. "चुरा होतो."

मैत्रीने हात पुढे केला होता. सत्यशीलाने या वेळी तो धरला नाही. जहाजाच्या फाटकापर्यंतची फरशी तिची तिला चालायची होती. ती कलत गेली, सावरत गेली, एकदा पार कठड्याला जाऊन टेकली, आणि पुन्हा निघाली. तिला ठाऊक होतं की मागे बाकावरून भीमराव बघतायत आणि धावत यायला उठू पाहतायत. ते उठले नाहीत. मांडीवर बॅगा होत्या.

शेफालीने मांडीवरचा दांडा खाली ओढून हलवून पाहिला. "मावशी, सुरू करू?"

तिला विचारलं होतं. कुणीतरी तिला विचारलं होतं.

सत्यशीलाने बोटातल्या अंगठीने दांड्यावर दोनदा टकटक केलं, डबल बेल.

"जाऊ द्या," ती म्हणाली.